राखीव स्लॉट रिसीव्हरची किंमत कशी करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टच्या अखेरीस एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, ३२ संघ आपली सुमारे ९० जणांची यादी ५३ वर आणतात. त्या दोन दिवसांत आमच्या मराठी मित्रांच्या ग्रुपवर क्वार्टरबॅकबद्दल (चेंडू फेकणाऱ्याबद्दल) कोणी चकार शब्द काढत नाही. भांडणं होतात ती पाचव्या रिसीव्हरवरून (चेंडू झेलणाऱ्यावरून). ‘त्याला का ठेवला?’, ‘ह्याला का सोडला?’ आणि ‘तो पुढचा एडेलमन होता रे!’ हे तीन मेसेज दरवर्षी ठरलेले. (एडेलमन म्हणजे राखीव म्हणून येऊन पुढे मोठा झालेला रिसीव्हर; त्याची गोष्ट खाली येईल.) पुन्हा पुन्हा तेच टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

मी बोस्टनजवळ राहतो, त्यामुळे उदाहरणं बहुतेक न्यू इंग्लंड पेट्रियट्सची येतील. पक्षपात म्हणा हवं तर. पण स्लॉटच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा अभ्यास करायचा तर त्या संघाची २००७ ते २०१७ ही दहा-अकरा वर्षं चाळण्याला पर्याय नाही.

स्लॉट म्हणजे मैदानावर नेमकी कुठली जागा?

मधल्या लाइनमनच्या रांगेच्या टोकापासून अगदी कडेला उभ्या असलेल्या रिसीव्हरपर्यंत जी मोकळी फट राहते, ती स्लॉट. तिथे उभा राहतो तो स्लॉट रिसीव्हर, बहुधा चेंडू ठेवलेल्या रेषेपासून यार्डभर मागे.

कडेच्या रिसीव्हरला साइडलाइन हा बारावा बचावपटू असतो, त्या बाजूला पळायला वावच नसतो. स्लॉटवाल्याला डावीकडचा आणि उजवीकडचा, दोन्ही रस्ते मोकळे. गर्दीही मात्र तिथेच असते: निकल कॉर्नर, सेफ्टी, लाइनबॅकर, हे सगळे बचावपटू.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. थर्ड डाऊन (दहा यार्ड काढायच्या चार प्रयत्नांतला तिसरा), सहा यार्ड हवेत. स्लॉट रिसीव्हर सहा-सात यार्ड सरळ पळतो. समोरचा माणूस आतल्या अंगाला असेल तर बाहेर वळायचं, बाहेरच्या अंगाला असेल तर आत. आणि कोणीच अंगाशी येत नसेल, सगळे आपापली जागा राखत असतील, तर दोघांमधल्या फटीत गपकन थांबायचं. हे ठरवायचं पळता पळता. क्वार्टरबॅकलाही त्याच क्षणी तेच दिसायला हवं, कारण रिसीव्हर वळेपर्यंत चेंडू हातातून सुटलेला असतो. दोघांचं वाचन जुळलं नाही तर चेंडू थेट बचावपटूच्या छातीवर जातो, आणि टीव्हीवर आपण क्वार्टरबॅकला शिव्या घालतो. राखीव खेळाडूचं मोल करताना हे जुळणं कोणीच मोजत नाही, कारण ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

‘राखीव’ म्हणजे कितव्या नंबरचा?

५३ मध्ये साधारण पाच किंवा सहा रिसीव्हर असतात. आजकालची सगळ्यात जास्त वापरली जाणारी मांडणी एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा), एक टाइट एंड (अडवणाराही आणि झेलणाराही) आणि तीन रिसीव्हर अशी आहे. त्यामुळे मुख्य स्लॉटवाला हा नावाला ‘तिसरा’ असला तरी व्यवहारात तो सुरुवातीच्या अकरांतलाच. त्याच्या मागचा माणूस चौथा किंवा पाचवा.

एक बारकावा मात्र बरेच जण विसरतात. ५३ मध्ये असणं वेगळं आणि रविवारी पॅड चढवणं वेगळं. सामन्याच्या दिवशी ४८ जणच खेळू शकतात, तेही त्यांत आठ आक्रमक लाइनमन असतील तर. नसतील तर ४७. उरलेले साध्या कपड्यांत बाकावर. त्यामुळे पाचव्या रिसीव्हरसाठी प्रशिक्षक दर आठवड्याला विचारतो तो प्रश्न ‘हा स्लॉटमध्ये कसा आहे?’ असा नसतोच. ‘आज कोणी जखमी झालंच नाही, तर हा माझ्या काय कामाचा?’ असा असतो.

मग त्याची किंमत आकड्यांत कशी मांडायची?

चला, पाठीमागच्या कोऱ्या पानावर करतो तसा ढोबळ हिशेब करू. आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुमच्या संघाचे घालून बघा.

एका सामन्यात आक्रमणाच्या ६२ खेळी धरा. त्यांतल्या ४० खेळींत तीन रिसीव्हर मैदानात. मुख्य स्लॉटवाला हंगामातल्या १७ पैकी ३ सामन्यांना मुकला. म्हणजे राखीव माणसाच्या वाट्याला १२० खेळी. त्यांतल्या काही धावण्याच्या, तेव्हा प्रत्यक्ष पासच्या मार्गावर तो पळणार समजा ७० वेळा. आता चांगला राखीव आणि सामान्य राखीव यांच्यात दर मार्गामागे अर्ध्या यार्डाचा फरक माना. हा फरकही भरपूर झाला. ७० गुणिले अर्धा, म्हणजे ३५ यार्ड.

अख्ख्या हंगामात पस्तीस यार्ड! संघ वर्षभरात साडेपाच हजारांच्या आसपास यार्ड काढतो. ज्याच्यावरून आपण रात्री एकपर्यंत भांडलो, त्या फरकाची किंमत साडेतीन फर्स्ट डाऊन (दहा-दहा यार्डांचे टप्पे).

आता दुसरी बाजू. प्रत्येक सामन्यात पंट (चेंडू लाथेने लांब मारून समोरच्याला देणं), किकऑफ, फील्ड गोल वगैरे धरून वीस-पंचवीस खेळी ‘स्पेशल टीम्स’च्या असतात. पाचवा रिसीव्हर त्यांतल्या दहांत जरी उतरला तरी १७ सामन्यांत १७० खेळी होतात, आणि त्या कोणी जखमी होण्याची वाट बघत नाहीत. पंट झेलताना त्याच्या हातून एकदा चेंडू निसटला आणि प्रतिस्पर्ध्याने उचलला, तर ते ३५ यार्ड एका फटक्यात गेले. उलट दर सामन्यात पंटवर चार यार्ड जास्त आणले, तर वर्षाचे ६८.

म्हणून माझं मत, आणि ग्रुपवर यासाठी मी बराच मार खाल्ला आहे: राखीव स्लॉट रिसीव्हरची निम्म्याहून अधिक किंमत स्लॉटच्या बाहेर असते.

हा सगळा सरासरीचा खेळ झाला. एडेलमनचं काय?

आलाच तो प्रश्न. यायलाच हवा, कारण सरासरीत ‘कधी’ हा शब्द नसतो.

वेस वेल्करपासून सुरू करू. २००४ मध्ये त्याला ड्राफ्टमध्ये (कॉलेजातले खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत) कोणीही घेतलं नाही. सॅन डिएगो चार्जर्सने एका सामन्यानंतर सोडलं, मायामी डॉल्फिन्सने उचललं. तिथे त्याचं मुख्य काम समोरच्याने लाथेने मारलेला चेंडू झेलून परत आणण्याचं. त्याच वर्षी पेट्रियट्सविरुद्ध मायामीचा किकर जखमी असताना ह्या पठ्ठ्याने २९ यार्डांचा फील्ड गोलसुद्धा मारला! २००७ मध्ये पेट्रियट्सने दुसऱ्या आणि सातव्या फेरीची निवड देऊन त्याला घेतलं, आणि पहिल्याच हंगामात त्याने ११२ झेल घेतले. २००९ मध्ये १२३.

त्याच २००९ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत, २३२ व्या क्रमांकावर, पेट्रियट्सने केंट स्टेटचा एक क्वार्टरबॅक घेतला. ज्युलियन एडेलमन. कॉलेजात रिसीव्हर म्हणून खेळलेला नाही, म्हणजे पाटी कोरीच. हंगामाच्या दुसऱ्या सामन्यात वेल्कर नव्हता, तेव्हा जेट्सविरुद्ध ह्याने ८ झेल, ९८ यार्ड काढले. आणि मग ३ जानेवारी २०१०, ह्यूस्टन. पहिल्याच आक्रमणात वेल्करने चेंडू झेलला, वळण्यासाठी डावा पाय रोवला आणि गुडघा गेला. कोणाचा धक्काही लागला नव्हता. एडेलमन आत आला: १० झेल, १०३ यार्ड.

पुढच्याच रविवारी बाद फेरीत बाल्टिमोर रेव्हन्स. पेट्रियट्सचे दोन टचडाऊन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्टीत नेणं) झाले, दोन्ही एडेलमनचे. आता सांगा, राखीव माणसाने याहून जास्त काय करायचं? निकाल: रेव्हन्स ३३, पेट्रियट्स १४.

हा सामना मला प्रत्येक वादात आठवतो. राखीव खेळाडूने आपलं काम चोख केलं आणि तरीही संघाची दाणादाण उडाली. वेल्करकडे जे दोन-दोन बचावपटू ओढले जायचे ते आता दुसरीकडे मोकळे झाले होते. बदली खेळाडू झेल भरून काढू शकतो, पण समोरच्याच्या मनातली धास्ती भरून काढता येत नाही.

म्हणजे पुढच्या वर्षी तो मोठा झाला असेल?

नाही, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात आहे. २०१० च्या ड्राफ्टमध्ये पेट्रियट्सने रॉब ग्रॉन्कोव्स्की आणि ॲरन हर्नांडेझ असे दोन टाइट एंड घेतले. वेल्करही पहिल्या सामन्यापासून परत हजर. एडेलमनचे झेल ३७ वरून ७ वर आले, २०११ मध्ये ४ वर. माणूस तोच, हात-पाय तेच. फक्त भोवतालचे बदलले आणि त्याची रिसीव्हर म्हणून किंमत जवळपास शून्य झाली.

तरी तो संघात टिकला. का? तर २०१० च्या हंगामात त्याने एक पंट ९४ यार्ड परत आणून टचडाऊन केला. २०११ मध्ये माणसं कमी पडली तेव्हा त्याला चक्क बचावात, निकल कॉर्नरच्या जागी उभा केला. असं करण्याची त्या संघाची रीतच होती; २००४ मध्ये ट्रॉय ब्राउन या रिसीव्हरनेही बचावात खेळून तीन इंटरसेप्शन (समोरच्याचे पास मधेच झेलणं) घेतली होती. ह्या फुटकळ कामांच्या जोरावर एडेलमन चार वर्षं तगला. २०१३ मध्ये वेल्कर डेन्व्हरला गेला, त्याच्या जागी ३.१ कोटी डॉलरचा पाच वर्षांचा करार देऊन डॅनी ॲमेंडोला आणला. पहिल्याच सामन्यात ॲमेंडोला दुखावला. एडेलमन तेव्हा स्वस्तातल्या एका वर्षाच्या करारावर होता. हंगामअखेर त्याचे १०५ झेल झाले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. सुपर बोल ५३ चा, म्हणजे त्या हंगामाच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू तोच.

आणि चक्र तिथेच थांबलं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सरावसामन्यात एडेलमनचा गुडघा गेला. तोवर ॲमेंडोला पगार कमी करून घेत घेत राखीव म्हणून राहिला होता. जानेवारीत जॅक्सनव्हिलविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याने दोन टचडाऊन केले आणि पेट्रियट्स २४-२० जिंकले. त्याच सामन्यात थर्ड डाऊनला १८ यार्ड हवे असताना त्याने २१ मिळवले. माझ्या कोऱ्या पानावरच्या हिशेबात हा झेल २१ यार्डांचा. आमच्या बेसमेंटमध्ये तेव्हा ज्यांनी हातातली मिसळ कार्पेटवर सांडली, त्यांना विचारा किती यार्डांचा होता.

राखीव ठेवण्याऐवजी दुसऱ्याच कोणाला स्लॉटमध्ये सरकवता येत नाही का?

येतं, आणि बऱ्याचदा तेच करतात. म्हणून तुलना ‘मुख्य’ विरुद्ध ‘राखीव’ अशी करू नका. खरे पर्याय तीन असतात: राखीव स्लॉटवाला, कडेचा रिसीव्हर आत सरकवून चौथ्याला बाहेर उभा करणं, किंवा तिसरा रिसीव्हरच काढून दुसरा टाइट एंड आणणं. तुमच्या संघाकडे चेंडू झेलणारा चांगला दुसरा टाइट एंड असेल तर राखीव स्लॉटवाल्याची किंमत आपोआप घसरते. नसेल, आणि सगळं आक्रमणच तीन रिसीव्हरवर उभं असेल, तर ती वाढते. हे न बघता कुठल्याही राखीव खेळाडूला मार्क देऊ नयेत.

कोणते आकडे बघावेत?

दर मार्गामागचे यार्ड हा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण ‘किती वेळा पळला’ याने तो भागलेला असतो. एकूण झेल किंवा एकूण यार्ड राखीव खेळाडूसाठी निरुपयोगी आहेत. संधी कमी मिळाली एवढंच ते सांगतात. त्याच्या जोडीला, दर मार्गामागे त्याच्याकडे चेंडू किती वेळा फेकला गेला हे बघा. क्वार्टरबॅकचा विश्वास त्यात उतरतो.

झेलांच्या टक्केवारीपासून मात्र सावध. समजा एकाकडे ४० वेळा चेंडू फेकला आणि ६५ टक्के झेलले गेले. एवढ्या लहान नमुन्यात नुसत्या नशिबाने साडेसात टक्के इकडेतिकडे होणं अगदी सामान्य आहे. म्हणजे ५८ टक्केवाला आणि ७२ टक्केवाला एकाच पात्रतेचे असू शकतात. स्लॉटचे पास जवळचे असतात, त्यामुळे तिथली टक्केवारी तशीही फुगलेली असते. ती कडेच्या रिसीव्हरशी लावून ‘याचे हात बघा’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि विषय बदला.

आणि ते आकडे कधीचे आहेत? संघ २० गुणांनी मागे असताना समोरचे मुद्दाम छोटे पास सोडतात. त्या वेळचे झेल वेगळे काढा.

सरावसामन्यांत तो चमकला होता. तरी का काढला?

कारण चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच्यासमोर उभे होते त्यांतल्या अर्ध्यांनाही पुढच्या आठवड्यात काढलं. आणि बहुधा तो पंटच्या वेळी बाकावर बसलेला होता.

स्लॉटवाला बुटका आणि चपळच असायला हवा का?

हा वेल्कर-एडेलमनने करून ठेवलेला गैरसमज. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या कूपर कपने झेल (१४५), यार्ड (१,९४७) आणि टचडाऊन तिन्हींत पहिला क्रमांक काढला, त्यातलं बरंचसं स्लॉटमधून. गडी सहा फूट दोन इंच. त्याचं वेगळेपण असं की धावण्याच्या खेळीत तो लाइनबॅकरला, एंडला अंगावर घ्यायचा. राखीव माणूस ब्लॉक करू शकत नसेल, तर तो मैदानात आला की समोरच्याला कळतं: आता पास येणार. मांडणी तीच राहते, पण गुपित फुटतं. हा तोटा त्याच्या स्वतःच्या आकड्यांत कधीच दिसत नाही, तो रनिंग बॅकच्या खात्यात लिहिला जातो.

पैशांचं गणित काय?

सोपं आहे. २०२४ मध्ये सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) २५.५४ कोटी डॉलर होती. नवख्याचा किमान पगार ७.९५ लाख, चार ते सहा हंगाम खेळलेल्याचा ११.२५ लाख. पण अनुभवी खेळाडू किमान पगारावर आला तर कॅपमध्ये तो दोन हंगामवाल्याच्या दराने, म्हणजे ९.८५ लाखांनी, धरायची सवलत आहे. कॅपच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून ‘महाग पडतो म्हणून काढला’ हे कारण किमान पगारवाल्याच्या बाबतीत क्वचितच खरं असतं. तिथे टंचाई पैशांची नसते, खुर्च्यांची असते. त्याच्या जागी आठवा बचावात्मक लाइनमन बसू शकला असता, ही त्याची खरी किंमत.

किमान पगाराच्या तीन-चार पट देऊन केवळ राखीव स्लॉटवाला ठेवू नये, असं मला वाटतं. पंट-किकऑफ परत आणणारा असेल तर गोष्ट वेगळी. २०२४ च्या नव्या किकऑफ नियमानंतर, आणि २०२५ मध्ये टचबॅक (चेंडू परत न आणता मिळणारी जागा) ३५ यार्डांच्या रेषेवर नेल्यावर तर जास्तच, चेंडू परत आणण्याचे प्रसंग वाढले आहेत. त्या कामाचा भाव पुन्हा वधारला आहे.

मग त्याला प्रॅक्टिस स्क्वाडवरच (५३ बाहेरच्या सराव गटात) ठेवावा की?

अनेक संघ तेच करतात. तिथून एकाच खेळाडूला नियमित हंगामात तीन वेळा सामन्यापुरतं वर आणता येतं, त्यानंतर ५३ मध्ये घ्यावंच लागतं. मुख्य खेळाडू दोन आठवडे बाहेर असेल तर ही सोय उत्तम. धोका असा की दुसरा कोणताही संघ त्याला आपल्या ५३ मध्ये सही करून नेऊ शकतो. पुढे कधीतरी तुमच्याशी खेळणाऱ्या संघाने तुमचा राखीव स्लॉटवाला नेला, की तो सोबत तुमच्या खुणा आणि इशारेही घेऊन जातो.

फँटसी लीगमध्ये घेऊ का?

नको. मुख्य माणूस बाहेर आहे अशी बातमी आली की घ्या, त्याआधी जागा अडवू नका.

टीव्हीवर त्याला ओळखायचं कसं? तो तर दिसतच नाही.

भारतात बसून बघत असाल तर रविवारचे दुपारचे सामने तुमच्याकडे रात्री साडेदहाला लागतात, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेअकराला. पंट होतो तेव्हाच बहुतेक जण चहा टाकायला उठतात. तेवढं उठू नका. पंट मारणाऱ्या संघाच्या अगदी कडेला जे दोघं उभे असतात, त्यांना गनर म्हणतात. पाचवा रिसीव्हर बऱ्याचदा तिथे सापडतो. दोन-दोन जण त्याला ढकलत असतात, तो साइडलाइनच्या बाहेर जातो, पुन्हा आत येतो, चाळीस यार्ड पळतो आणि समोरच्याने हात वर करून फेअर कॅचची (‘मी पळणार नाही, मला अडवू नका’ अशी) खूण केली की त्याच्या पुढ्यात थबकतो. समालोचक एव्हाना जाहिरातीकडे वळलेला असतो. त्याच्या जर्सीचा नंबर लिहून ठेवा. ऑगस्टमध्ये तुम्हीच विचारणार आहात, ह्याला का ठेवला म्हणून.